विचारायला लाजू नका

(घरात बाळ येते तेव्हा सर्वांना आनंद होतो. पण बाळ अशक्त असेल, तर घरच्यांना रुग्णालयात राहावे लागते. अशा वेळी बाळाची काळजी कशी घ्यावी आणि बाळाच्या आईवडिलांना तुम्ही कशी मदत करू शकता, हे या पाठात सांगितले आहे.)

मित्रांनो, समजा, तुमची आपा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. दिवस भरायला अजून दोन महिने आहेत. पण एका रात्री तिच्या पोटात दुखू लागते. अब्बा १०२ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलावतात. पहाटे सरकारी रुग्णालयात आपाला मुलगा होतो.

बाळाचे वजन १ किलो ७०० ग्रॅम भरते. जन्मलेल्या बाळाचे वजन निदान अडीच किलो असावे. म्हणून सिस्टर बाळाला लगेच दुसऱ्या खोलीत नेतात. आपा एका वॉर्डात आणि बाळ दुसरीकडे. आपा रडते. अम्मी दाराशी उभी राहते. डॉक्टर येतात, मराठीत चार वाक्ये भरभर सांगतात आणि पुढच्या बाळाकडे जातात. अम्मीला त्यातले 'बाळ' आणि 'वजन' एवढेच कळते. मग सगळे तुमच्याकडे पाहतात. शाळेत मराठी शिकणारे घरात तुम्हीच आहात!

अशा वेळी काय कराल?

प्रथम हे लक्षात ठेवा, की प्रश्न विचारण्यात काही चूक नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची एक सनद तयार केली. आजार कोणता, उपचार कोणता, हे रुग्णाला त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावे, असे तिच्यात म्हटले आहे. नवजात बाळ स्वतः काही विचारू शकत नाही. म्हणून त्याच्या आईवडिलांनी विचारायचे आणि तुम्ही त्यांना साथ द्यायची.

डॉक्टरांना किंवा सिस्टरना थोडी सवड मिळाली की जवळ जा. नम्रपणे म्हणा, "सिस्टर, माझ्या आईला मराठी नीट समजत नाही. जरा सावकाश सांगाल का? मी तिला उर्दूत सांगतो." मग वहीत लिहिलेले प्रश्न एकेक करून विचारा :

"बाळाला काय झाले आहे?"
"आता कोणता उपचार चालू आहे?"
"बाळाला आईचे दूध देता येईल का?"
"आईने बाळाला छातीशी कधी धरावे?"
"डॉक्टर पुन्हा केव्हा भेटतील?"

उत्तरे वहीत लिहून घ्या. ऐकलेले सगळे जसेच्या तसे आपाला सांगा. वाईट बातमी लपवू नका आणि चांगली बातमी वाढवूनही सांगू नका. एखादी गोष्ट कळली नाही, तर अंदाजाने सांगू नका, पुन्हा विचारा. गोष्ट फार गंभीर असेल, तर ती एकट्याने मनात ठेवू नका. "हे माझ्या वडिलांना समजावून सांगाल का?" अशी विनंती करा. कागदावर सही मात्र आईवडिलांनीच करायची. तुम्ही फक्त तो कागद त्यांना वाचून दाखवायचा.

वरच्या प्रश्नांपैकी चौथा प्रश्न पुन्हा वाचा. तो फार मोलाचा आहे. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. त्याची राजधानी बोगोटा. १९७८ साली तेथील एका रुग्णालयात कमी वजनाची बाळे पुष्कळ होती आणि त्यांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या थोड्या होत्या. एका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. तेव्हा एद्गार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवते, तसेच हे! म्हणून या पद्धतीला 'कांगारू पद्धत' असे नाव पडले.

या पद्धतीत बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालतात. त्याला आईच्या छातीवर उभे धरतात आणि वरून कपड्याने बांधतात. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते. त्याचा श्वास नीट चालतो. दूधही जवळच असते. आई आजारी असेल, तर वडील किंवा आजी बाळाला असेच धरू शकतात.

पूर्वी अशक्त बाळ थोडे सुधारले, की मगच त्याला असे आईजवळ देत. पण भारत आणि आफ्रिकेतील चार देश यांतील पाच रुग्णालयांत ३,२११ बाळांचा अभ्यास झाला. त्यांत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. सर्व बाळांचे वजन १ किलो ८०० ग्रॅमपेक्षा कमी होते. जी बाळे सुधारल्यावर आईजवळ दिली, त्यांतील दर शंभरांत सुमारे १६ बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावली. जी जन्मताच आईच्या छातीवर दिली, त्यांतील दर शंभरांत १२ दगावली. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आईची मिठी ही केवळ माया नाही, ते औषधही आहे.

म्हणून आपाला बाळाजवळ जाऊ देत नसतील, तर कारण विचारा. कधी कारण खरे असते. बाळाचा श्वास अडखळत असेल, तर डॉक्टर थोडे थांबायला सांगतात. कधी मात्र कामाच्या गर्दीत कुणाच्या लक्षातच येत नाही. एका सिस्टरकडे कितीतरी बाळे असतात, हेही आपण समजून घ्यावे. उत्तर मिळाले नाही, तर मुख्य सिस्टरना भेटा. तरीही काम झाले नाही, तर वडिलांनी वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज द्यावा. तो अर्ज तुम्ही लिहू शकता. मराठीत याला 'तक्रार' म्हणतात. उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण. शब्द सारखा असला, तरी अर्थ वेगळा आहे. मराठीतील तक्रार शांतपणे, हात जोडूनही करता येते!

पैशाचीही काळजी असते. १ जून २०११ पासून 'जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम' सुरू झाला. त्यानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, तपासण्या आणि आईचे जेवण मोफत मिळते. आजारी नवजात बाळावरील उपचारही मोफत असतात. घरी परत नेण्यासाठी वाहनही मिळते. हे दान नाही, हा हक्क आहे.

आता बाळाच्या काळजीविषयी काही गोष्टी लक्षात ठेवा. बाळंतपणानंतर आईला पहिले दोन-तीन दिवस पिवळसर, घट्ट दूध येते. त्याला 'चीक' म्हणतात. तो फेकू नये. तो बाळाची रोगांपासून राखण करतो. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचेच दूध द्यावे, वरचे पाणीदेखील नको. तुमच्या घरी 'घुट्टी' म्हणतात, शेजारच्या मराठी घरी 'बाळगुटी' म्हणतात. दोन्ही घरांतील वडीलधारी माणसे ती प्रेमानेच देतात. पण एक वर्षापर्यंत बाळाला मध चाटवू नये. मधातील जंतूंमुळे लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. बाळाच्या डोळ्यांत सुरमा किंवा काजळ घालू नये. नाळेला काही लावू नये, ती कोरडी ठेवावी. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

घरी आल्यावर आशाताई बाळाला पाहायला येतात. त्यांना घरात बोलवा. बाळाने दूध पिणे सोडले, त्याचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा चालू लागला, त्याचे अंग गार किंवा गरम लागले, तळहात व तळपाय पिवळे दिसले किंवा झटके आले, तर वाट पाहू नका. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या.

एक काम तर खास तुमचेच आहे. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयात जन्म झाला, तर रुग्णालयच ती माहिती कळवते. पण आईवडिलांची नावे मराठीत नीट लिहिली आहेत का, हे तुम्ही तपासा. नावातील एक अक्षर चुकले, तर पुढे शाळेत आणि नोकरीत त्रास होतो. बाळाचे नाव अकीक्यापर्यंत ठरले नसले, तरी घाबरू नका. नाव नंतरही घालता येते. नोंदणीपासून एक वर्षापर्यंत त्यासाठी पैसे पडत नाहीत.

मित्रांनो, मराठीचा तास तुम्हाला कधी अवघड वाटत असेल. पण एखाद्या दिवशी हीच भाषा तुमच्या आपाच्या बाळासाठी उपयोगी पडेल. त्या दिवशी व्याकरण चुकले तरी चालेल. फक्त विचारायला लाजू नका.

शब्दार्थ

नवजात – नुकताच जन्मलेला
सनद – हक्क सांगणारा लेख
सवड – मोकळा वेळ
ऊब – हवीशी उष्णता
दगावणे – मरण पावणे
राखण – रक्षण
नोंद – कागदावर लिहून ठेवलेली माहिती

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'चीक' कशाला म्हणतात?
(आ) 'कांगारू पद्धत' कोणत्या शहरात सुरू झाली?
(इ) जन्माची नोंद किती दिवसांत व्हावी लागते?

२. कारणे लिहा.
(अ) ऐकलेले सगळे जसेच्या तसे सांगावे.
(आ) बाळाला मध चाटवू नये.

३. 'दवाखाना', 'अर्ज', 'हक्क' हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा.

४. बाळाजवळ आईला राहू द्यावे, अशी विनंती करणारा अर्ज वैद्यकीय अधीक्षकांना लिहा.