समुद्राचे छायाचित्र

अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरातील खरवईसारख्या गावी समुद्र दृष्टीस पडत नाही. तथापि त्याच्याशी असलेले नाते अगदीच तुटलेले नाही. बदलापूरवरून वाहणारी उल्हास नदी कल्याणजवळ खाडीचे रूप घेते व पुढे वसईपाशी अरबी समुद्रास मिळते. समुद्राची भरती या खाडीवाटे कल्याणपर्यंत चढते. या भागातील विद्यार्थी सहलीस अलिबागला गेले, की समुद्र पाहून हरखून जातात आणि भराभर छायाचित्रे काढू लागतात. घरी परतल्यावर मात्र पुष्कळांची निराशा होते. डोळ्यांना अफाट वाटलेला सागर चित्रात पांढुरक्या आकाशाखालचा एक राखी पट्टा होऊन बसतो. असे का व्हावे?

ही अडचण फार जुनी आहे. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली. त्या काळच्या निगेटिव्हवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. त्यामुळे पाणी नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास यावर एक युक्ती योजली. आकाशाची एक व समुद्राची दुसरी, अशा दोन निगेटिव्ह घेऊन त्याने आपल्या काही चित्रांत क्षितिजाच्या रेषेवर त्यांचा सांधा बेमालूम जुळविला. आज आकाश व पाणी यांचा मेळ कॅमेरा स्वतःच बहुतांशी घालतो. परंतु वेळ निवडण्याचे काम अद्यापि माणसासच करावे लागते.

ही वेळ निवडण्याची किल्ली पंचांगात आहे. तिथीच्या अंकास पाऊणाने गुणले असता मुंबई-अलिबागकडील पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने कळते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीस भरती सहाच्या सुमारास येते. म्हणजे ओहोटी भर दुपारी. शिवाय ती भांगाची असल्यामुळे पाणी फारसे हटत नाही, आणि डोक्यावरच्या उन्हात वाळूचा चढउतार चित्रात दिसत नाही. पौर्णिमा व अमावास्या या दिवशी भरती दुपारी बाराच्या आसपास व ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास असते. उधाणाचे दिवस असल्याने पाणी पुष्कळ दूर जाते, ओली वाळू उघडी पडते आणि तिरप्या उन्हात तिच्यावरील प्रत्येक लाट-रेषा उठून दिसते.

अलिबागसमोरील कुलाबा किल्ला याचे उत्तम उदाहरण होय. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने उभारलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झालेला हा जलदुर्ग किनाऱ्याच्या पश्चिमेस आहे. सकाळी त्याच्या किनाऱ्याकडील तटावर ऊन पडते व चिरे न् चिरा दिसतो. सायंकाळी सूर्य मागे गेल्याने तोच किल्ला काळ्या आकृतीसारखा भासतो. ओहोटीला तेथे चालत जाता येते. पण चित्राच्या नादात परतीची वेळ चुकली, तर वाट पाण्याखाली जाते. संध्याकाळच्या ओहोटीमागून भरतीबरोबर अंधारही येतो. म्हणून पाणी फिरण्यापूर्वीच किनारा गाठावा. तेथील कोळी बांधवांना विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये.

समुद्राच्या छायाचित्राचा आणखी एक उपयोग आहे. किनारा सदैव सारखा राहत नाही. कोठे वाळू वाहून जाते, कोठे सुरूची झाडे उन्मळून पडतात. जुने व नवे चित्र शेजारी ठेवले, तर हा बदल ध्यानी येतो. मात्र पहिले चित्र ओहोटीचे व दुसरे भरतीचे असेल, तर किनारा खचला नसतानाही खचल्यासारखा वाटेल. शिवाय पावसाळ्यातील लाटा वाळू ओढून नेतात आणि शांत ऋतूत ती बरीचशी परत येते. यास्तव एकाच जागेवरून, त्याच महिन्यात, त्याच तिथीस व त्याच वेळी चित्रे घ्यावीत आणि प्रत्येकाखाली स्थळ, दिनांक, तिथी व वेळ लिहून ठेवावी. अशा दोन ओळींच्या टिपणाने सहलीची आठवण म्हणून काढलेले चित्र पुढच्या पिढीस किनाऱ्याची विश्वसनीय साक्ष देऊ शकेल.

स्वाध्याय

१. दशमीस अलिबागला पूर्ण भरती सुमारे किती वाजता येईल? ओहोटी केव्हा येईल?
२. ल ग्रे याने दोन निगेटिव्ह का वापरल्या?
३. आपल्या गावाजवळील नदीचे वा ओढ्याचे एकाच जागेवरून दर महिन्यास एक छायाचित्र घ्या किंवा रेखाचित्र काढा व वर्षअखेरीस दिसलेला फरक दहा ओळींत लिहा.