वेबसाइट दिव्यांगांना वापरता येण्यासाठी: पैसे भरण्याच्या बटणापर्यंत

व्यवसायाच्या वेबसाइटवर दिव्यांग ग्राहक बहुधा पहिल्या पानावर अडत नाही. तो अडतो शेवटच्या पायरीवर. अंध ग्राहक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर वापरतो. तो वस्तू शोधतो, किंमत ऐकतो, पत्ता भरतो. मग चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा येतो, किंवा पैसे भरण्याच्या जागी त्याला नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते. अशा वेळी शेजाऱ्याच्या हाती मोबाइल देऊन कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी सांगण्याची पाळी येते, आणि ही गोष्ट अपमानाची तितकीच धोक्याचीही आहे. म्हणून वेबसाइटची खरी कसोटी एकच: दुसऱ्याच्या मदतीशिवाय व्यवहार पुरा होतो का?

2011 च्या जनगणनेत भारतात सुमारे 2 कोटी 68 लाख आणि महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार 7 वरून 21 केले. या कायद्याची सुगमतेची, म्हणजे सेवा दिव्यांगांना वापरता येण्याची, अट सरकारी कार्यालयांपुरती नाही, खासगी सेवा देणाऱ्यांनाही ती लागू आहे. सुगमतेचे किमान निकष सक्तीचेच असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सांगितले. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना ‘केवायसी’साठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती. अमेरिकेत डॉमिनोजच्या वेबसाइटवर आणि ॲपवर पिझ्झा मागवता येईना, म्हणून एका अंध ग्राहकाने दावा लावला. तो वाद कित्येक वर्षे चालला. साध्या दुरुस्त्या वेळीच न केल्याची किंमत अशी मोठी असते.

मराठी वेबसाइटवर आणखी एक घोळ हमखास सापडतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीनरीडर ती तशीच वाचतो आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. असा सारा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्येही नोंदवावे. नाहीतर देवनागरी पाहून हिंदी आवाज सुरू होण्याची शक्यता असते आणि ‘च’, ‘ज’ यांचे मराठी उच्चार बिघडतात. दरपत्रक, सवलतीची जाहिरात, दुकानाच्या वेळा चित्रात टाकून मोकळे होण्याची सवय तर फारच पसरली आहे. चित्रातली अक्षरे स्क्रीनरीडरपर्यंत नीट पोचतीलच असे नाही, म्हणून तोच मजकूर पानावर लिहूनही द्यावा. वस्तूच्या छायाचित्रामागे वर्णन जोडावे, आणि ते कामाचे असावे. नुसते ‘साडी’ पुरत नाही; ‘जांभळी पैठणी, सोनेरी काठ, पदरावर मोर’ असे ऐकले तर ग्राहकाला निवड करता येते.

बाकीच्या दुरुस्त्या तुलनेने सोप्या आहेत. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचा फरक साध्या मजकुरासाठी किमान 4.5 ला 1 असावा; पांढऱ्यावर फिकट करडा मजकूर या मापात बसत नाही. चूक नुसत्या लाल रंगाने न दाखवता शब्दांत सांगावी. व्हिडिओतले बोलणे पडद्यावर लिहून दाखवणारी कॅप्शन द्यावीत. माहिती भरायला हात थरथरणाऱ्यालाही पुरेल इतका वेळ मिळावा आणि माऊसशिवाय, केवळ कीबोर्डवर, सारे पान चालवता यावे.

एक ओळ कोड टाकली की वेबसाइट आपोआप सुगम होते, असा दावा करणारी साधने विकली जातात. त्यांवर भिस्त ठेवू नये. असाच दावा केल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2025 मध्ये एका कंपनीला 10 लाख डॉलर भरायला लावले. लेबल नसलेल्या बटणाचे काम काय, हे बाहेरून चिकटवलेल्या साधनाला खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून वेबसाइट करायला देतानाच करारात ‘डब्ल्यूसीएजी 2.1’ या वेब-सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची ‘एए’ पातळी आणि भारतीय मानक आयएस 17802 यांचा उल्लेख असावा. मागाहून दुरुस्ती करायची तर कित्येकदा अर्धी वेबसाइट उकलावी लागते. काम हाती आले की एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर लावावा, पडदा बंद करावा आणि एक ऑर्डर पुरी करून पाहावी. मोबाइलवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा त्यातलाच स्क्रीनरीडर लावून तेच करावे.

मात्र डोळस माणसाने पडदा बंद करून केलेली चाचणी पुरेशी नाही. रोज स्क्रीनरीडर वापरणारी अंध व्यक्ती, कर्णबधिर व्यक्ती आणि हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेली व्यक्ती यांच्याकडून वेबसाइट तपासून घ्यावी, त्यांना त्या कामाचे योग्य मानधन द्यावे आणि वेबसाइटमध्ये मोठा बदल झाला की ही तपासणी पुन्हा करून घ्यावी.