घर विकताय? सोफा कधी हलवायचा ते आधी ठरवा

टोकन हातात पडलं की विकणाऱ्याचा पहिला फोन टेम्पोवाल्याला जातो. तो फोन इतक्यात करू नका.

रत्नागिरीत नाचणे, कुवारबाव, साळवी स्टॉप, शिवाजीनगर, फ्लॅट कुठेही असो, विकण्याआधी तुम्ही तो थोडा सजवलेला असतो. सोफा नि पलंग कधी स्वतःचे, कधी भाड्याचे. पडदे नवे, दिवे पिवळे, भिंतीला ताजा हात. गिऱ्हाईक खूश झालं, टोकन आलं. आता हे सामान ठेवून काय करायचं, असं वाटतं. मामला असा की टोकन ही फक्त तोंडओळख आहे. साठेखत झालं तरी तो विक्रीचा करार असतो, विक्री नव्हे. घेणारा कर्ज काढत असेल तर पुढे बँकेचा वकील कागद तपासणार, व्हॅल्युअर घर बघून फोटो काढणार, मग मंजुरीपत्र येणार. या मधल्या काळात घेणाऱ्याचे आईवडील, मेहुणे, वास्तू बघणारे अशी माणसं येत राहतात. रिकाम्या खोल्या त्यांना लहान वाटतात आणि मग भावाची बोलणी पुन्हा सुरू होतात.

म्हणून सामान कॅलेंडर बघून हलवू नका, पैशाचा टप्पा बघून हलवा. मंजुरीपत्र तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, खरेदीखताचा मसुदा दोघांनी वाचला, दुय्यम निबंधकांकडची वेळ ठरली, की टेम्पो सांगा. भाड्याचं आणि जड सामान खरेदीखताच्या दोन-तीन दिवस आधी बाहेर काढा. पंखे आणि दिवे शेवटपर्यंत राहू द्या. घेणारा कर्ज काढत नसेल आणि साठेखत न करता थेट खरेदीखत होणार असेल, तरी हाच हिशेब.

आधी हलवून वाचतं किती? समजा, फर्निचरचं भाडं महिन्याला ६,००० रुपये आहे. म्हणजे दिवसाला २००. दहा दिवस आधी परत दिलंत तर २,००० सुटले. पण ते भाडं दिवसावर असेल तरच. महिना पूर्ण धरण्याची अट असेल तर एक रुपयाही सुटत नाही. म्हणून सामान घेतानाच चार गोष्टी लिहून घ्या: भाडं दिवसावर की महिन्यावर, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, अनामत किती दिवसांत परत, ओरखड्याला किती कापणार. आणि सौदा फिसकटला तर टेम्पो, हमाल, पडदे, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट मात्र लवकर करा. भिंतीला टेकलेलं कपाट हातभर पुढे ओढून मागे बघा. माझ्या ओळखीच्या एका काकांनी खरेदीखताच्या आदल्या संध्याकाळी कपाट हलवलं. मागे परातीएवढा काळा-हिरवा डाग, प्लास्टर बोटाने भुरभुरत होतं. घेणारा समोरच उभा. संध्याकाळ वाटाघाटीत गेली आणि रंगकामाचे पैसे किमतीतून वजा झाले. कोकणच्या पावसात असा डाग पडला तर नवल नाही, लपवला तर मात्र महागात पडतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ सांगतं की घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष माहीत असेल तर विकणाऱ्याने तो सांगायचा असतो. (आणि तुम्ही घेणारे असाल तर कपाट हलवायला लावाच. लाजू नका.)

याच कलमाप्रमाणे करारापासून ताबा देईपर्यंत घराची काळजी शहाण्या मालकासारखी घेणं तुमच्याकडे असतं. नळ फुटला, वाळवी लागली, तर निस्तरायचं तुम्हीच. जूनमध्ये घर रिकामं करून खिडक्या बंद केल्यात आणि सप्टेंबरमध्ये उघडलंत, तर बुरशीचा वास जिन्यातच येईल. मुंबईत राहून किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवणाऱ्यांनी निदान आठवड्याला एकदा खिडक्या उघडायची सोय करावी.

काय न्यायचं आणि काय ठेवायचं, यावरून भांडणं सर्वांत जास्त. याच कायद्याच्या कलम ८ नुसार घर विकलं की कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि कायम वापरासाठी बसवलेल्या वस्तू घराबरोबर जातात, वेगळं ठरलेलं नसेल तर. भिंतीत बसवलेलं किचन ट्रॉलीचं काम त्यातच येईल असं धरून चाला. सोफा तुमचा, यात वाद नाही. मधल्या वस्तूंचं काय? एसी, गिझर, इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, झुंबर. यांची यादी साठेखतातच जोडा, ‘राहणार’ आणि ‘नेणार’ अशा दोन रकान्यांत. पाहताना झुंबर दिसलं आणि ताबा घेताना वायरी लोंबत असल्या, तर तक्रार होणारच.

आता टेम्पो. भाव ठरवताना ‘सगळं धरून’ हे शब्द बोलून घ्या, जमलं तर मोबाइलवर लिहून. नंतर वाढणारे आकडे ठरलेले आहेत: मजल्यामागे हमाली, लिफ्ट बंद असेल तर जास्त, पॅकिंग वेगळं, थांबल्याचे तासावर, टोल, रिकाम्या परतीचं भाडं. मुंबईला न्यायचं असेल तर माल उतरवून परत निघालेली मुंबईची गाडी शोधा, ती स्वस्त पडते. हापूसच्या दिवसांत उलटं होतं. एप्रिल-मेमध्ये इथून पेट्या भरून गाड्या वाशीला जातात, तुमच्या पलंगाला जागा कोण देणार? गणपतीच्या आठवड्यात हमालही मिळत नाही. आणि गणपतीनंतर लगेच पितृपक्ष. बरेच घेणारे त्या पंधरवड्यात ताबा घेत नाहीत, थेट दसऱ्याला बोलतात. हे आधी विचारा, नाहीतर तुम्ही घर रिकामं करून बसाल आणि समोरचा मुहूर्ताची वाट बघत बसेल. देव्हाराही विसरू नका. घरातल्या मोठ्यांना दिवस विचारून ठेवा, टेम्पो दारात उभा असताना ही चर्चा नको.

‘सामान हलवलंच आहे तर किल्ली द्या, रंग सुरू करतो,’ असं कोणी म्हटलं तर गोड बोलून नाही म्हणा. एकदा ताबा गेला की उरलेल्या पैशासाठी मागे लागण्याची पाळी तुमची. शिवाय साठेखतात ताबा लिहिला तर मुद्रांक शुल्काचा हिशेब बदलतो, महाराष्ट्रात ते खरेदीखतासारखं धरलं जातं. किल्ली द्यायची ती पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावर. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापेल. तेवढी रक्कम कमी आलेली बघून घाबरू नका, पण प्रमाणपत्र मागा.

फर्निचरची किंमत वेगळी दाखवून खरेदीखतातला आकडा उतरवूया, असा सल्ला हमखास मिळतो. खरोखर विकत असाल आणि भाव वाजवी असेल तरच वेगळी पावती करा. जुन्या सोफ्याचे लाखो रुपये कोणालाही पटणार नाहीत.

शेवटच्या दिवशी सोबत ठेवा: आधार, पॅन, मूळ करार आणि सूची क्रमांक २, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, शेअर सर्टिफिकेट, कर्ज होतं तर बँकेचं फेडल्याचं पत्र. वीज तोडू नका, घेणाऱ्याला अंधारात घर बघायला लागेल. मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, तोपर्यंतचं बिल तुमचं, पुढे महावितरणकडे नाव बदलून घेणं त्यांचं. ताबा पावती दोन प्रतींत करा. तीत तारीख, वेळ, मीटरचा आकडा, राहिलेल्या वस्तू आणि किल्ल्या किती दिल्या ते लिहा. शेजाऱ्यांकडे ठेवलेली जास्तीची किल्लीही त्यात मोजा.