लग्न लावण्याआधी क्लार्कला विचारा

अमेरिकेत वाढलेली आपली मुलं हल्ली लग्न ठरलं की एखाद्या मावशीला, काकाला किंवा जिवलग मित्राला गळ घालतात, "आमचं लग्न तूच लाव." मला हे मनापासून आवडतं. ज्यानं या दोघांना मोठं होताना पाहिलं, त्यानंच चारचौघांत त्यांची संमती विचारावी, यात फार आपलेपणा आहे. पण सोहळा पार पडला तरी कायद्याच्या नजरेत लग्न अडकून राहू शकतं. ते मी जवळून पाहिलं आहे.

व्हर्जिनियात आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं लग्न त्याच्या कॉलेजातल्या मित्रानं लावलं. मित्रानं इंटरनेटवरून 'मिनिस्टर' झाल्याचं प्रमाणपत्र घेतलं होतं. समारंभ देखणा झाला. पुढे सह्या केलेला कागद कोर्टाच्या क्लार्ककडून परत आला: लग्न लावणाऱ्याची नोंद नाही. नव्या सुनेला मुलाच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात घ्यायचं होतं आणि त्याची मुदत लग्नापासून 30 दिवसांची होती. तिच्या व्हिसाचं कामही दाखल्यावाचून अडलं. शेवटी दोघांनी नवं लायसन्स काढून अधिकार असलेल्या माणसासमोर पुन्हा लग्न केलं. कागदावर त्यांच्या लग्नाची तारीख आज वेगळीच आहे आणि मुलाच्या आईला ते अजून सलतं. खरं तर वधूवरांपैकी एकानं जरी प्रामाणिकपणे ते लग्न कायदेशीर मानलं असेल, तर केवळ लावणाऱ्याला अधिकार नव्हता म्हणून व्हर्जिनियाचा कायदा ते रद्द ठरवत नाही. पण हे सिद्ध करायला वकील गाठावा लागतो आणि विम्याची मुदत तोवर थांबत नाही.

असं ऑनलाइन प्रमाणपत्र देणारं सर्वांत नावाजलेलं नाव म्हणजे युनिव्हर्सल लाइफ चर्च. ते 1962 साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे सुरू झालं. बऱ्याच राज्यांत त्याचं प्रमाणपत्र चालून जातं. पण व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 1974 मध्येच या चर्चच्या मिनिस्टरांना लग्न लावण्याचा अधिकार नाकारला होता. पेनसिल्व्हेनियात 2007 साली यॉर्क काउंटीतल्या न्यायाधीशांनी ऑनलाइन मिनिस्टरनं लावलेलं एक लग्न अवैध ठरवलं. टेनेसीनं तर 2019 मध्ये कायद्यातच तशी बंदी घातली. संकेतस्थळ मात्र 'सर्वत्र मान्य' म्हणतं आणि माणसं विश्वास ठेवतात.

त्यामुळे भाचीनं मला विचारलं तेव्हा मी सरळ सर्किट कोर्टात गेले. व्हर्जिनियात न्यायाधीश साध्या नागरिकालाही लग्न लावण्याचा आदेश देऊ शकतात. त्यासाठी धर्मगुरू असावं लागत नाही. अर्ज करायचा आणि 500 डॉलरचा बाँड लिहून द्यायचा. जामीनदार हवा की नको, ते न्यायालय ठरवतं. प्रत्येक कोर्टाची रीत थोडी वेगळी असते, म्हणून आधी फोन करून विचारावं. आदेश हातात येईपर्यंत मी भाचीला पत्रिकेत माझं नाव छापू दिलं नाही. ती थोडी रुसली, पण मी ऐकलं नाही.

दुसऱ्या राज्यात दुसरा मार्ग. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरकडून एका दिवसापुरती नेमणूक मिळते. न्यूयॉर्कमध्ये 2023 पासून एक दिवसाचा परवाना मिळतो. कॅलिफोर्नियातल्या अनेक काउंट्या एका दिवसासाठी 'डेप्युटी कमिशनर' नेमतात. कोलोराडोत तर वधूवर स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतात. तुम्ही राहता कुठे, यापेक्षा लग्न कुठे लागणार, हे आधी बघा. न्यू जर्सीतल्या काकांनी पुतण्याचं लग्न बोस्टनला लावायचं असेल, तर नियम मॅसॅच्युसेट्सचा.

आपल्याकडचा खरा गोंधळ गुरुजींवरून होतो. देवळातून गुरुजी आले, अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी सगळं साग्रसंगीत झालं, म्हणजे कायद्याचंही झालं, असं घरचे धरून चालतात. गुरुजींची त्या राज्यात लग्न लावण्याची नोंद असेलच असं नाही. ते बोलणं ठरवतानाच विचारा. त्यात त्यांचा अपमान नाही. भाचीच्या लग्नात विधी गुरुजींनी केले. त्यानंतर त्याच मांडवात मी दोघांना सर्वांसमोर संमती विचारली, त्यांना पती-पत्नी म्हणून जाहीर केलं आणि लायसन्सवर सही केली. काहीजण आदल्या दिवशीच कोर्टात लग्न उरकतात. तेही चालतं, फक्त मग कागदावर तारीख कोर्टाचीच येते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

व्हर्जिनियात लायसन्स 60 दिवस चालतं, आणि लग्न लागल्यावर पाच दिवसांत भरलेला कागद क्लार्ककडे परत पोचवणं ही लग्न लावणाऱ्याची जबाबदारी असते. पाहुण्यांच्या गडबडीत तो नवऱ्याच्या भावाकडे किंवा हॉलच्या मॅनेजरकडे सोपवू नका. स्वतः नेऊन द्या, आणि प्रमाणित दाखला वधूवरांच्या हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.