तंबाखूचा वास फोटोत येत नाही

प्रवासात आपला कॅमेरा बाहेर कधी निघतो? गोकाकचा धबधबा दिसला की, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती दिसली की. त्यात चूक काही नाही. आपल्याकडे कॅमेरा आला तोच भव्य वास्तू टिपत. 1855 साली कॅप्टन थॉमस बिग्ज यांना मुंबई सरकारने विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंची छायाचित्रं काढायला नेमलं होतं. तेव्हापासून 'बघण्यासारखं' म्हणजे मोठं आणि कोरीव, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण बेळगावहून निपाणीला जाताना खिडकीतून जे नुसतंच मागे पडतं, त्याचा फोटो कसा काढायचा?

आधी माझी चूक सांगतो. निपाणीत तंबाखूच्या एका बंद वखारीसमोर मी थांबलो. गंजलेलं कुलूप, भिंतीवरची पुसट अक्षरं. पाच मिनिटांत तीस फोटो काढले. समोरच्या घराच्या दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या आजी म्हणाल्या, "बंद दाराचा कसला फोटू काढायलास रं बाळा?" मला उत्तर सुचेना. कॅमेरा पिशवीत टाकला आणि त्यांच्याजवळ बसलो. हंगामात इथं बायकांची ये-जा कशी असायची, तंबाखू चाळताना ठसका कसा लागायचा, ते त्यांनी सांगितलं. मग उठून त्याच दाराचा एकच फोटो काढला. त्यात झिजलेला उंबरा आहे. आधीच्या तीस फोटोंत उंबरा नव्हताच!

म्हणून पहिला नियम: आधी थांबा, विचारा, मगच कॅमेरा काढा. दुसरा: भर दुपारी भिंत आणि माती सपाट दिसते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीचे पोपडे आणि काळ्या रानातले तास उठून दिसतात. तिसरा: मोकळ्या माळाचा फोटो काढताना क्षितिज वर ठेवा, म्हणजे जमिनीला जागा मिळते. चौथा: माणूस चौकटीत येणार असेल, तर आधी त्याची परवानगी घ्या.

तरीही काही गोष्टी फोटोत येतच नाहीत. 1981 साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठिय्या देऊन बसले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकऱ्यांचे जीव गेले. पुढे हा रस्ता रुंद झाला. आज तिथे उभं राहून फोटो काढला, तर त्यात पळणारे ट्रकच दिसतील. अनोळखी माणूस तो फोटो क्षणभरही बघणार नाही. पण खाली जागेचं नाव, तारीख आणि काय घडलं ते एका वाक्यात लिहा. तोच माणूस थांबेल.

इथे आपलं वाङ्मय मंडळ कामाला येतं. ओळ लिहिताना 'उदास', 'भकास' असली विशेषणं टाळा. जे घडलं, जे ऐकलं, तेवढंच लिहा.

आता स्वाध्याय. सुट्टीत घरी जाताना रोज नुसती ओलांडता अशी एक जागा निवडा. तिथे अर्धा तास थांबा, एका माणसाशी बोला. फोटो एकच काढा आणि खाली एकच वाक्य लिहा. ते वाक्य त्या माणसाला वाचून दाखवा. त्याने मान डोलावली, तर समजा की फोटो जमला.