पाठीवरची पिशवी आणि रोजचा खर्च

दीर्घ प्रवासाचा विचार मनात आला, की माणूस प्रथम नकाशा उघडतो. थोड्या पैशांत दोन महिने देश पाहावयाचा असेल, तर मात्र आरंभ पाठीवरच्या पिशवीपासून करावा. पिशवीचे वजन आणि रोजचा खर्च यांचा संबंध वरवर दिसतो त्याहून फार जवळचा आहे.

समजा, एका तरुणाने काम करून ६०,००० रुपये साठवले आहेत आणि जानेवारीअखेर निघून अमृतसरपासून कन्याकुमारीपर्यंत रेल्वेने, मुक्काम करीत करीत, ६० दिवसांत जावयाचे त्याने ठरवले आहे. साठ हजारांना साठाने भागले की रोजचे हजार रुपये, हा हिशेब सोपा आहे. पण तो चुकीचा आहे. लांब पल्ल्याच्या तिकिटांसाठी सुमारे १०,००० रुपये आधीच बाजूला काढावे लागतील. आजारपण, चोरी किंवा अकस्मात घरी परतण्याची वेळ यांसाठी ८,००० रुपये राखून ठेवावे लागतील व त्यांना एरवी हात लावता येणार नाही. उरले ४२,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७००. त्यातून मुक्कामास ३००, जेवण व चहापाण्यास २५०, शहरात फिरण्यास १०० आणि किरकोळ खर्चास ५० अशी विभागणी करता येईल. सातशे ही सरासरी होय, रोजची मर्यादा नव्हे. एखादी रात्र शयनयान डब्यात गेली, की मुक्कामाचे पैसे वाचतात. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात लंगरमध्ये कोणालाही विनामूल्य भोजन मिळते. हे वाचलेले पैसे पुढच्या महागड्या शहरात उपयोगी पडतात. मात्र त्यासाठी रोज रात्री वहीत खर्च लिहिलाच पाहिजे.

आता पिशवीकडे वळू. या प्रवासात वीस गावे लागणार असतील, तर प्रत्येक गावी स्टेशनवरून मुक्कामी जाणे आणि परत येणे अशा चाळीस फेऱ्या होतात. ओझे जड असल्यामुळे प्रत्येक फेरीस रिक्षाचे १०० रुपये मोजावे लागले, तर ४,००० रुपये, म्हणजे जवळजवळ सहा दिवसांचा खर्च, केवळ ओझ्यापायी जातो. वाराणसीत घाटांलगतच्या अरुंद गल्ल्यांत रिक्षाही शिरत नाही. तेथे हमाल शोधावा लागतो. शिवाय दमलेला माणूस तीन ठिकाणी दर विचारीत फिरत नाही. समोर दिसेल त्या लॉजमध्ये तो शिरतो. हे नुकसान वहीत कधीच लिहिले जात नाही.

शयनयान वर्गात प्रवाशाला ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. पण नियमाला चालते ते खांद्याला चालेलच असे नाही! साठ किलो वजनाच्या माणसाने सहा ते आठ किलोंच्या पुढे जाऊ नये, हे बरे. त्यासाठी ४० ते ४५ लिटरची पिशवी पुरते. मोठी घेतली, तर ती भरण्याचा मोह होतो. वारकऱ्याची पडशी खांद्याच्या पुढे-मागे भार वाटून घेते, तर चांगल्या पाठपिशवीचा रुंद कमरपट्टा तो खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरवतो. म्हणून दुकानात पिशवी रिकामी न पाहता, तीत वजन घालून, पट्टा आवळून चालून पाहावे. मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडापासून कमरेपर्यंतची लांबी पिशवीच्या पाठीशी जुळली नाही, तर भारी किमतीची पिशवीही खांदे सोलून काढते. चेनला कुलूप लावण्याची सोय आहे ना, हेही पाहावे; रेल्वेच्या क्लोक रूममध्ये कुलूप नसलेले सामान ठेवून घेत नाहीत. रंग कोणताही चालेल.

भरताना जड वस्तू पाठीलगत आणि मध्यावर ठेवाव्यात. कपड्यांचे तीन जोड पुरेत, कारण रात्री धुतलेला शर्ट बहुधा सकाळी वाळतो. अमृतसरच्या थंडीत लागणारा जाड स्वेटर कन्याकुमारीस निव्वळ ओझे ठरेल. वाराणसी सोडून दक्षिणेकडे वळताना तो टपालाने पार्सल करून घरी पाठवावा.

निघण्यापूर्वी दोन दिवस आधी भरलेली पिशवी पाठीवर घेऊन दोन किलोमीटर चालावे आणि जवळच्या स्टेशनचा पूल चढून उतरावा. घरी परतल्यावर बुटांचा दुसरा जोड, जाडजूड कादंबरी आणि चौथी पँट आपोआप बाहेर निघतात.