कंट्रोल पॅनेल ते सेटिंग्ज : मराठी कळफलकाची बदललेली वाट

संगणकावर मराठी टंकलेखन सुरू करण्यासाठी करावी लागणारी जुळणी ही वस्तुतः किरकोळ बाब होय. विंडोज या कार्यप्रणालीत मराठी कळफलक मुळातच समाविष्ट असतो. त्याला केवळ जागे करावयाचे असते. तथापि ही कळ नेमकी कोठे आहे हे ठाऊक नसल्यास, सर्व साधने हाताशी असूनही कर्मचाऱ्यावर मराठी मसुदा कागदावर लिहून टंकलेखनासाठी बाहेर धाडण्याची पाळी येते. संगणकातील जुळण्यांची मांडणी हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही, तो येथे लक्षात येतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. पडद्यावर दिसणारी जुळण्यांची खिडकी म्हणजे जुळणी नव्हे. विंडोजमध्ये बहुतेक निवडी ‘रजिस्ट्री’ नावाच्या अंतर्गत नोंदवहीत लिहिल्या जातात. खिडकी हे त्या नोंदीपर्यंत नेणारे दार असते. मांडणी बदलते तेव्हा बहुधा दारे बदलतात, आतील नोंद तीच राहते. म्हणूनच एका नोंदीला दोन दारे असू शकतात, आणि बराचसा गोंधळ तेथूनच उद्भवतो.

१९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकात सर्व प्रमुख जुळण्या एकाच लहान पाटीवर मावत असत. चित्रकर्ती सुझान केअर यांनी तिची आखणी करताना वेग दर्शविण्यासाठी ससा व कासव यांची चित्रे योजिली होती. विंडोजच्या १९८५ मधील पहिल्या आवृत्तीतही कंट्रोल पॅनेल होते. पुढे जुळण्या वाढत गेल्या आणि १९९५ च्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल हे चित्रखुणांनी भरलेले कपाटच झाले. कळफलक, मोडेम, छपाईयंत्र यांचे कप्पे निरनिराळे. शिवाय यंत्रसामग्री पुरविणाऱ्या कंपन्याही आपापल्या खुणा त्यात ठेवीत. यंत्राचे भाग ज्याला ठाऊक आहेत त्याला ही विभागणी सोयीची होती. ‘मला मराठीत लिहावयाचे आहे’ एवढेच ज्याला सांगता येते, त्याच्यासाठी तीत उत्तर नव्हते.

२००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये विषयवार वर्ग पाडण्यात आले, तरी मराठीची वाट बिकटच राहिली. प्रादेशिक व भाषाविषयक पर्याय उघडून ‘भाषा’ या पानावरील एका चौकोनात खूण करावी लागे. त्या चौकोनापुढे मराठीचे नाव नव्हते, देवनागरीचेही नव्हते. तेथे लिहिलेले होते ते ‘संमिश्र लिपी व उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा, थाईसह’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य! आपली भाषा या वर्णनात बसते हे अंतर्ज्ञानानेच ओळखावयाचे. त्यानंतर बहुधा मूळ तबकडी मागितली जाई, संगणक पुन्हा सुरू करावा लागे आणि मगच कळफलक जोडता येई.

२०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यासाठी जुळण्यांची नवी जागा निर्माण झाली. मात्र जुने कपाटही तसेच ठेवण्यात आले. २०१५ च्या विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’ ही मुख्य जागा ठरली. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये मुख्य विभाग डाव्या बाजूस कायम दिसू लागले आणि आपण कोणत्या पानावर आहोत हे वरच्या ओळीत कळू लागले. ही सुधारणा खरोखर मोलाची आहे, कारण चुकलेल्या माणसाला मागे वळता येते. आता विंडोजची कळ व ‘आय’ एकत्र दाबून सेटिंग्ज उघडावे, ‘वेळ आणि भाषा’ या विभागात भाषा व प्रदेश निवडावा, भाषांच्या यादीत मराठी जोडावी आणि मराठीच्या पर्यायांत जाऊन कळफलक निवडावा. मराठी हे नाव आता यादीत स्पष्टपणे असते. इनस्क्रिप्टची सवय नसलेल्यांसाठी २०१९ पासून उच्चारानुसारी कळफलकही उपलब्ध आहे.

तरीही स्थलांतर अपुरेच राहिले. हजारानंतर लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम हवा असल्यास विंडोज ११ च्या प्रारंभीच्या आवृत्तीतही जुनीच खिडकी उघडावी लागे. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साहाय्य-पानावर कंट्रोल पॅनेल हळूहळू रद्द होत असल्याचा उल्लेख आला. नंतर तो सौम्य करून, अनेक जुळण्या नव्या जागी हलविल्या जात आहेत, असे लिहिण्यात आले. ही सावधगिरी समजण्याजोगी आहे. इतर कंपन्यांची साधने आणि तंत्रज्ञांची लेखी टिपणे जुन्या दारावरच विसंबून असतात. ॲपलनेही २०२२ मध्ये मॅकवरील परिचित चित्रखुणांच्या रांगा काढून आयफोनच्या धर्तीवर लांब यादी आणली, तेव्हा सरावलेल्या वापरकर्त्यांकडून नाराजी व्यक्त झाली. नवख्याला सुलभ वाटणारी वाट जुन्याजाणत्याला अडखळविते, हे अशा प्रत्येक फेरमांडणीत घडते.

कार्यालयातील संगणक निरनिराळ्या वर्षांचे असल्यास कळफलक जोडण्याच्या सूचनापत्रकावर विंडोजची आवृत्ती अवश्य नमूद करावी, अन्यथा पत्रकातील वाट व पडद्यावरील वाट जुळणार नाही. कळफलक एकदा जोडला की पुन्हा सेटिंग्जमध्ये जाण्याचे कारण उरत नाही. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला असता इंग्रजीवरून मराठीवर येता येते आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील भाषेची खूण बदललेली दिसते.